शेवटचा रकाना

“सर, हा रिपोर्ट आज पाठवू नका,” मी म्हटलं.

खन्ना साहेबांनी चष्मा काढला. “पागल हो गई हो? बारा बजे कूरियर आ रहा है।”

गुडगावातल्या त्या नव्या सर्वे कंपनीत मी प्रोबेशनवर होते. क्लायंट होतं पूर्व युरोपातल्या एका देशाचं सरकार. साम्यवादी राजवट जाऊन तिथे बाजार खुला होत होता. पावावरचं भावनियंत्रण उठवलं तर लोक साथ देतील का, एवढाच प्रश्न. मुलाखती त्यांच्या माणसांनी घ्यायच्या, फॉर्म तपासून रिपोर्ट आम्ही लिहायचा. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर ‘होय’ होतं. ऑफिस खूश. मला मात्र ते पचेना.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो: मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं? तो सहसा कुणी बघत नाही. मी बघितला. गठ्ठाभर फॉर्मांवर एकच उत्तर: इमारत समितीचे प्रमुख, म्हणजे जुन्या राजवटीपासून रहिवाशांवर नजर ठेवणारा माणूस.

मला दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं आमचं सरकारी क्वार्टर आठवलं. दुरुस्तीच्या पाहणीला इंजिनियर यायचे, तेव्हा शेजारचे मेहता साहेब सोबत फिरायचे. ते बाबांचे बॉस. स्वयंपाकघराचं छत गळतंय, खाली बादली, आणि दारात आई म्हणायची, “सब ठीक है जी।”

मी रकाना दाखवून हे सगळं सांगितलं, तसे खन्ना साहेब भडकले. “क्लायंट गया तो तुम भी जाओगी!”

“चलेगा, सर.”

त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा स्वतः चाळला. मग धुसफुसत क्लायंटच्या अधिकारी इरेनाबाईंना फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी रकान्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझी आईसुद्धा ‘होय’ म्हणाली होती. आणि पाव महागणार म्हणून घरात रोज रडते.”

मुलाखती पुन्हा झाल्या. या वेळी समितीप्रमुख बाहेर, उत्तरं बंद पाकिटात. लोकांना सुधारणा खरोखरच हव्या होत्या. पण आधी म्हाताऱ्यांची पेन्शन वाढवा, मग पाव महाग करा, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने तोच क्रम धरला. भाव खुले झाले त्या दिवशी एकही दगड पडला नाही. इरेनाबाईंनी फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी होते. कन्फर्मेशन लेटर खन्ना साहेबांनी स्वतः टेबलावर आणून ठेवलं.

घरी आईला सगळं सांगितलं. पुढच्या पाहणीला तिने मेहता साहेबांना बाहेरच्या खोलीत चहा-पोह्यांवर बसवलं आणि इंजिनियरला एकट्याला स्वयंपाकघरात नेलं.

आठवड्यात छत दुरुस्त झालं. सर्वे कुठलाही असो, मी आजही आधी शेवटचा रकाना वाचते.