डावा पाय आणि दत्त्या

"पाऊल वर उचला," डॉक्टर म्हणाले. मी उचललं, निदान मला तसं वाटलं. बघतो तर डावं पाऊल तसंच लोंबतंय. फूट ड्रॉप, ते म्हणाले. म्हणजे गुडघ्याजवळची नस चेपल्यानं पाऊल दाबता येतं, वर उचलता येत नाही. क्लचचाच पाय. परत मोटार रॅलीत गाडी चालवता येईल का, विचारलं. "नस तुटलेली नाही. वाट बघायची. किती, ते सांगता येत नाही."

भोसरीत माझं गॅरेज आहे. रॅलीत गाडी मी चालवायचो आणि शेजारी वही घेऊन दत्त्या, माझ्याच गावचा, चाकणला कंपनीत शिफ्ट करणारा. पुढचं वळण नॅव्हिगेटरनं ओरडून सांगायचं असतं. दत्त्या गावच्या बोलीत सांगायचा. त्या दिवशीही वेळेवर म्हणाला, "डावं, आवळतंय, दमानं घे." वळण पुढं आणखी तीव्र होत होतं. मी दमानं घेतलं नाही. गाडी कोलांट्या खात ओढ्यात गेली. त्याला खरचटलं, एवढंच.

हॉस्पिटलात गॅरेजवाली पोरं आली, कसं झालं विचारू लागली. मी बोलून गेलो, दत्त्यानं वळण उशिरा सांगितलं. एवढा मोठा ड्रायव्हर ना मी! नॅव्हिगेटरची पत त्याच्या हाकेवर असते, राव. माझं बोलणं सगळीकडं पसरलं, आणि त्याला कुणी गाडीत घेईना. तो मला भेटायला आला नाही, आणि खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटलं.

मग एनसीव्ही झाली, म्हणजे नसेत करंट सोडून तो कुठवर पोचतो ते बघतात. कुठंच पोचला नव्हता. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. पायाला प्लास्टिकची पट्टी बांधून हॉलमध्ये फेऱ्या मारायचो. पोरं आधी रोज यायची, मग रविवारी, मग फोनवर आली. लिफ्टमध्ये कुणी "काय झालं?" म्हणालं तरी बरं वाटायचं.

सातव्या महिन्यात अंगठा हलला. आनंदानं फोन उचलला, आणि कळलं की हे सांगावं असा एकच माणूस आहे.

शिफ्ट सुटताना दत्त्याच्या कंपनीच्या गेटवर गेलो. चूक माझी होती, म्हणालो. दत्त्या थांबला. "मला कशाला सांगतोस? मी गाडीतच होतो. ज्यास्नी सांगितलंस, त्यास्नी सांग."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्याच रॅलीत, सगळे ड्रायव्हर सूचना ऐकायला जमले होते, तिथं उभा राहून सांगितलं. हाक बरोबर होती, मीच ऐकलं नाही. माझ्या शेजारी नवा पोरगा बसला, चांगला होता. सगळी वळणं ऐकली. शेवटून तिसरा आलो.

पुढच्या रॅलीला दत्त्या दुसऱ्याच्या गाडीत होता आणि ते जिंकले. माझ्या शेजारची त्याची जागा आठवली, पण बरंही वाटलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर औषधं घ्या, व्यायाम करा, आणि भेटायला आलेल्याला खोटं सांगू नका.

बक्षीस घेऊन दत्त्या माझ्या गाडीपाशी आला. खाली बघत म्हणाला, "पाय कसा हाय?"

बरा हाय म्हणालो, आणि हेल्मेट काढलंच नाही, कारण मी रडत होतो.