शेजारचं दही

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले की विचारणार, "काय, किती पडले?" म्हणजे माझ्या मुलीला नीटच्या सराव परीक्षेत किती मार्क पडले. मी आकडा सांगितला की म्हणायचे, "वा! नाहीतर आमचा. नुसता झोपा काढतो." त्यांचा मुलगाही मेडिकललाच बसणार होता. या झोपा काढणाऱ्याचं झूलॉजीचं पाठांतर पहाटे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. क्लास कुठला, असं विचारलं तर, "असाच आपला, कर्वेनगरात एक." पुढे एक अक्षर नाही.

परीक्षेला निघायच्या वेळी आम्ही दार उघडलं, तर समोर हे शेजारी! हातात वाटी आणि चमचा. "घे गं बाळ, दही-साखर. छान जाईल पेपर."

मुलीनं तोंड उघडलं आणि मी मध्ये हात घातला. "अहो, नको. तिला दही सोसत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग चमच्यातलं दही स्वतःच्याच तोंडात घातलं, सावकाश गिळलं आणि वाटी पुढे केली. "ताजं आहे, वहिनी."

मी हसून थँक्यू म्हटलं, दार लावलं आणि मुलीला आमच्या फ्रीजमधलं दही भरवलं.