डाव्या सीटवरचे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकस माणूस डोंबिवलीत दुसरा झाला नाही. झाला असता तर शेजाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला टिटवाळ्याला ब्लॉक घेऊन दिला असता. मामा बँकेत अधिकारी. ऐंशीनंतर कधीतरी त्यांनी एका ओळखीच्याची जुनी जपानी गाडी घेतली. बदामी रंगाची, बुटकी, चार माणसं आणि एक पिशवी मावेल एवढी. इतर लोक गाडी घेतली की ती चारचौघांना दाखवत फिरतात. मामांना मात्र, तशीच गाडी बाळगणाऱ्या दुसऱ्यांना तिच्याबद्दल काय वाटतं, हे जाणून घ्यायचं वेड लागलं. 'लिटरला किती देते' हा प्रश्न त्यांना बाजारू वाटे. ते विचारत, "तुमचं जमतं का हो तिच्याशी?"

तशा गाड्या आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात फार नव्हत्याच, त्यामुळे एखादी दिसली की मामा तिच्यामागे लागत. एकदा आम्ही कल्याणला लग्नाला गेलेलो. कार्यालयाच्या दारात पोचलो आणि समोरून तसलीच निळी गाडी गेली. झालं! मामांनी गाडी वळवली आणि तिचा आंबिवलीपर्यंत पिच्छा पुरवला. आतला दातांचा डॉक्टर घाबरून एका पिठाच्या गिरणीपाशी थांबला आणि काच खाली करून त्याने पाकीटच पुढे केलं. मामांनी त्याकडे पाहिलंही नाही.

"रिव्हर्स टाकताना कण्हते का?"

डॉक्टरचा चेहरा एकदम खुलला. "कण्हते! मला वाटायचं, फक्त माझीच."

मग दोघं बॉनेटं उघडून, दोन सोयरे भेटावेत तसे बोलत राहिले. आमच्या अक्षता चुकल्या, पंगत तेवढी सापडली. मामी मागच्या सीटवर भरजरी शालू सावरत मला म्हणाल्या, "माझं जमतं का तिच्याशी, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही हो."

बाळकुमला त्यांना अशीच एक गाडी दिसली. मागची सीट काढून टाकलेली, आत मासळीच्या पाट्या, आणि चालवायला एक धिप्पाड कोळीण. आपल्या गाडीत चप्पल घालून बसू न देणारे मामा हादरलेच.

"अहो बाई, हिच्यात मासळी?"

"मंग काय देव बसवू? काका, गारी हाय ती. चालवाची."

परतताना मामांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून मागची सीट झटकली. पण पुढच्या रविवारी मामींना घेऊन पुन्हा गेले. मग येणंजाणं सुरूच झालं. मामा कोळणीशी क्लचबद्दल वाद घालत आणि मामी तिचे स्टिअरिंगवरचे हात बघत बसत.

नव्वदीच्या सुरुवातीला सोसायटीच्या गेटचा खांब मामांच्या गाडीला घासला. मामांच्या मते खांब सरकला होता. मग दुर्गाडीच्या पुलाजवळ डावीकडून आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. तो चिखलात पडला, उठला, शिव्या देऊन निघून गेला. मामा स्टिअरिंग धरून बसून राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेलीय, ती परत यायची नाही. गाडी चालवणं बंद.

मामांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाइकं येत. मामा प्रत्येकाला गाडीबद्दल मत विचारत आणि ते न पटून चहा पाजून परत पाठवत. शेवटी मामींनी कपबशा उचलता उचलता सांगितलं, "विकू नका. मी शिकते."

"तू? या वयात?"

"मग काय पुढच्या जन्मी?"

शिकवलं बाळकुमच्या कोळणीने. खाडीकडच्या मोकळ्या मैदानात बदामी गाडी गचके खात फिरे आणि मामा कडेला उभे राहून गिअरच्या प्रत्येक खरखरीला डोळे मिटून घेत. "काकी, घाबरू नको," कोळीण ओरडे, "गारीला कलतं, कोन घाबरलाय त!" मामा एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यांच्या स्वभावाला एवढं मोठं पथ्य कुणी घातलं असेल, असं मला वाटत नाही.

लायसन्स मिळाल्यावर मामी आम्हाला घेऊन ठाण्याला निघाल्या. मी मागे, मामा डाव्या सीटवर, हात मांडीवर घट्ट. कशेळीचा खाडीपूल ओलांडला आणि मामा म्हणाले, "जरा थांबव."

मामींनी गाडी कडेला घेतली. मामांनी अख्खी मान वळवून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इतकी वर्षं इथून जातोय," ते म्हणाले, "पण खाडी कधी बघितलीच नव्हती गं. नजर सारखी रस्त्यावर."

"दिसतेय ना नीट?"

"मधली दिसतेय. कडेचं तू सांग."

मामींनी इंजिन बंद केलं आणि त्या सांगू लागल्या. डावीकडची तिवरं, चिखलात कललेली होडी, तिच्या टोकावर बसलेला बगळा. मामा मान हलवत ऐकत होते, आणि मध्येच हळूच विचारत होते, "आणि त्याच्या पलीकडे?"