नदीची तिसरी पट्टी

पेला तोंडाला लावण्याआधी डोळ्यांच्या रेषेत धरून किती भरलाय ते पाहायचं. चपला फरशीच्या सांध्याला समांतर काढायच्या. कोणी "साधारण" म्हटलं की "साधारण म्हणजे किती?" विचारायचं. पेन्सिल कानावर ठेवायची, खोडरबर मात्र कधीच जवळ बाळगायचं नाही. लिहिताना चुकलं तर आडवी रेघ, शेजारी खरा आकडा, खाली सही.

मोजणीदाराच्या या सवयी. बायकोला त्यांचा वीट आला होता. साहेबाला त्यांची भीती वाटायची. आपलं काय चुकतंय, हे मात्र मोजणीदाराला शेवटपर्यंत कळलं नाही.

काम एवढंसं होतं. पुलाजवळ अलीकडच्या काठाला दगडी भिंतीवर काळी-पांढरी पट्टी रंगवलेली होती. रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठवर आहे ते वाचायचं, वहीत लिहायचं, फोनवर कळवायचं. सव्वीस वर्षं त्याने तेच केलं. नदीच्या मधून दोन राज्यांची हद्द जायची. पलीकडच्या काठाला तशीच पट्टी होती, तसाच एक माणूस. दोघे एकमेकांना "पलीकडचे" म्हणायचे. दोघांचंही बरोबर होतं.

करार शेंबड्या पोराला समजेल असा होता. धरण वरच्या अंगाला, पलीकडच्या राज्याचं. तहानलेलं गाव खालच्या अंगाला, अलीकडच्या राज्याचं. पुलापाशी पाणी दोन मीटरच्या खाली गेलं की धरणाचे दरवाजे उघडायचे. फक्त, तसं दोन्ही पट्ट्यांनी म्हणायला हवं.

आणि पलीकडची पट्टी अलीकडच्या पट्टीपेक्षा अठरा सेंटिमीटर जास्त दाखवायची. रोज. नदी एक, पाणी सपाट, तरी एका काठाला चढलेलं आणि दुसऱ्या काठाला उतरलेलं. असं मानायला दोन राज्यांचे दोन विभाग लागतात. एका माणसाचं ते काम नाही.

या अठरा सेंटिमीटरवर संयुक्त समिती होती. ती एकवीस वर्षं बसत होती. उभं राहण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आला नाही.

मोजणीदाराची मोठी बहीण खालच्या गावात राहायची. दर उन्हाळ्यात गावच्या विहिरीवरचा पंप हवा ओढायला लागायचा आणि तिचा फोन यायचा.

"अरे, तुझी नदी कागदावर आटली का? इथं आटून चार दिवस झाले."

"अजून नाही, अक्का. पलीकडे दोन मीटर बारा आहे."

"मग पलीकडून बादली भरून पाठव."

तो फोन ठेवून वहीतला आकडा पुन्हा एकदा वाचायचा.

त्या पुलावर एक रीत होती. अलीकडचे झाडूवाले हद्दीच्या पांढऱ्या रेघेपर्यंत यायचे आणि हातभर अलीकडे थांबायचे. पलीकडचे हातभर पलीकडे थांबायचे. कोणाचा झाडू परराज्यात जायला नको. मधला दोन हातांचा पट्टा वर्षानुवर्षं कोणी झाडलाच नव्हता. तिथे मातीचा ढीग होता, त्यावर गवत होतं, गवतात एकदा कुत्रीही व्याली होती. येणारे-जाणारे वळसा घालून जायचे. साहेबांच्या जीपसुद्धा.

एका सकाळी मोजणीदाराची पेन्सिल कानावरून पडली आणि घरंगळत त्या ढिगात गेली. तो वाकला. कठड्याच्या बुडाशी, मातीखाली, बोटांना काहीतरी गार लागलं. त्याने माती खरवडली. पितळेची गुंडी निघाली. तिच्याभोवती कोरलं होतं: शून्यापासून नऊ मीटर.

पूल हद्दीपेक्षा जुना होता. बांधणाऱ्यांनी नदीचं खरं माप, म्हणजे पाण्याच्या शून्यापासूनची उंची, पुलाच्या मधोमध ठोकून ठेवलं होतं. नंतर हद्द आली, तीही नेमकी मधोमध. आणि मापावर माती साचली.

त्याने हाक मारली, "अहो पलीकडचे! टेप घेऊन या."

पलीकडचे आले. दोघांनी पोलादी टेपला वजन बांधलं आणि गुंडीपासून खाली पाण्यापर्यंत सोडलं. सात मीटर सहा. नवातून सात-सहा गेले, उरले एक मीटर चौऱ्याण्णव. अलीकडची पट्टी त्या वेळी बरोबर दोन मीटर दाखवत होती. पलीकडची दोन अठरा.

"म्हणजे तुमची चूक," पलीकडचे म्हणाले.

"आणि तुमची महाचूक."

"चोवीस सेंटिमीटर?"

"चोवीस. उन्हाळ्यात नदी दिवसाला दोन उतरते. करा हिशोब."

बारा दिवस. दरवाजे दरसाल बारा दिवस उशिरा उघडत होते. मोजणीदार कठड्याला टेकला. सव्वीस उन्हाळे त्याने चुकीचा आकडा सुबक अक्षरात लिहिला होता. त्याच्या सहीने अक्काच्या गावाचे नळ कोरडे राहिले होते.

दोघांनी एकच पत्र लिहिलं, दोन सह्या केल्या, दोन्ही राज्यांना पाठवलं. दोन्ही राज्यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं: हे पत्र नको.

साहेबाने त्याला समोर उभं केलं.

"तो पट्टा झाडायला कोणी सांगितलं?"

"झाडला नाही, साहेब. पेन्सिल पडली."

"परहद्दीत?"

"पेन्सिलीला हद्द कळली नाही."

"तोंड सांभाळा! आपली पट्टी चुकीची आहे असं लिहून देता? मग एकवीस वर्षं आपण भांडलो ते काय झक मारायला?"

मोजणीदाराला यावर उत्तर सुचलं होतं. त्याने ते गिळलं. खरं तर साहेबानेच ते देऊन टाकलं होतं.

सात महिन्यांनी समिती बसली. गुंडी बघायला कोणी गेलं नाही. तिथे चिखल होता म्हणे. निर्णय झाला: यापुढे दोन्ही आकड्यांची सरासरी धरावी. दोन चुकांचं लग्न लावलं की पोटी खरेपणा जन्मतो, असा त्या विद्वानांचा समज असावा. शिवाय सरासरीला दोन्ही सह्या हव्यात, आणि दोन राज्यांच्या सुट्ट्या वेगळ्या. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस नदीला उंचीच नसायची.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" अक्काने विचारलं.

"सरासरी झाली."

"सरासरीने डाळ शिजत नाही रे."

"या उन्हाळ्यात दरवाजे वेळेवर उघडतील, अक्का. मी बघतो."

असं वचन त्याने आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं. त्याने ठरवलं, मधल्या खांबावर तिसरी पट्टी रंगवायची. गुंडीपासून मोजलेली, खरी. पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशी. दोन मीटरची रेघ पाण्याच्या वर उघडी पडली, की मग गावाने ती दाखवून भांडावं. डोळ्यांनी दिसणाऱ्या रेघेची सरासरी कोण काढणार?

उन्हाळा लागला. पाणी उतरलं. सकाळचा आकडा कळवून झाला की तो होडी खांबाला बांधायचा आणि तिच्यात शिडी उभी करायचा. पलीकडचे वरून टेप सोडायचे. वरून खाली रंगवत यायचं, म्हणजे ओघळ रंगवलेल्यावर येत नाहीत. चार मीटरपासून सुरुवात केली. दिवसाला वीतभर. दर दहा सेंटिमीटरला एक जाड रेघ, शेजारी आकडा. घाई करा म्हणून पलीकडचे ओरडायचे.

"अहो, नुसती दोनची रेघ मारा आधी! बाकीचं नंतर."

"अधांतरी रेघ मारली तर मोजली कशावरून म्हणतील?"

दोन मीटर दहाची रेघ झाली त्या सकाळी काठावर जीप आली. जीपमधून साहेब उतरला, मागून नवा मोजणीदार. बदलीचा हुकूम होता. मुख्य कार्यालयाच्या भांडारात, मोडक्या उपकरणांची यादी करायला. आजपासून.

"साहेब, एक तास द्या. एकच रेघ राहिलीय."

"तुमचा चार्ज आत्ता संपला. होडी विभागाची आहे. उतरा."

तो उतरला. ब्रश स्वतःचा होता, तो धुऊन घेतला. रंगाचा डबा विभागाचा. तो झाकण घट्ट लावून परत केला. पलीकडच्यांनाही त्याच दिवशी पुलावर यायची बंदी झाली.

नव्या माणसाने आकडा लिहिला. अलीकडे एक पंच्याण्णव, पलीकडे दोन तेरा, सरासरी दोन चार. दरवाजे बंद. खालच्या गावात पंप हवा ओढत होता.

खांबावर चार मीटरपासून दोन दहापर्यंतची पट्टी आजही स्वच्छ वाचता येते. तिच्याखाली ओल्या दगडावर पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे, नीट आखलेली, शेजारी बारीक अक्षरात दोन. पुलावरून ती दिसत नाही. तिच्यात रंग भरायचा राहिला.