उल्काची ढोरवाट

आमची उल्का भोरची. लहानपणापासून गड चढलेली, त्यामुळे डोंगर म्हणजे आपल्या बापाचाच अशी तिची समजूत. आयर्लंडमध्ये लिमरिकला आम्ही एका घरात राहतो. मे महिन्यात तिला डोनेगलच्या डोंगरात जायचं होतं. मी म्हटलं, "एकटी जाऊ नकोस गं."

तर म्हणे, "भार्गवी, तू आलीस तर डोंगर कमी आणि तूच जास्त ऐकू येशील." असं तोंड आहे तिचं.

गेली एकटीच. दुपारी डोंगरावर धुकं उतरलं. वाट चुकली, फोनला रेंज नाही. हिरवळ समजून एके ठिकाणी पाय टाकला तर मांडीपर्यंत चिखलात गेली. ओढूनताणून बाहेर आली, पण एक बूट आतच राहिला. वर पाऊस. तरी बाईसाहेब डगमगल्या नाहीत, कारण समोर मेंढ्यांची पायवाट दिसली. भोरकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की डोंगरात चुकलात तर ढोरवाट धरायची. गुरं संध्याकाळी घरी जातात, ती वाट गावातच नेते.

ती लंगडत चालत राहिली. वाट वळली, पुन्हा चढली, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला गेली आणि संपली. तिथे मेंढ्या कोकरांना घेऊन बसल्या होत्या. गाव नाही, दिवा नाही. आता उठतील, घरी निघतील म्हणून उल्का उभी राहिली. अंधार पडला. एकही उठली नाही.

तेव्हा तिचा धीर सुटला. आईला हाका मारल्या, पण दात इतके वाजत होते की हाकही नीट निघेना. मेंढ्या बिचकून बाजूला सरकल्या. त्यांच्या अंगाने उबदार झालेल्या जागेत ती मुटकुळं करून पडली. आपण मरणार, याबद्दल तिला शंका उरली नव्हती.

सकाळी एक म्हातारा शेतकरी कुत्रा घेऊन आला. असा पाऊस झाला की कोकरं जगली का ते बघायला तो आधी त्याच खडकाशी येतो. अंगातला कोट तिला गुंडाळून म्हणाला, "यू आर ग्रँड नाऊ." ओठ निळे पडलेल्या पोरीला ग्रँड! या देशात 'ठीक'लाही ग्रँडच म्हणतात, सगळंच ग्रँड.

तिने विचारलं, "या मेंढ्या घरी कधी जातात?"

"हिवाळ्याच्या तोंडावर," तो म्हणाला.

दवाखान्यातून तिचा फोन आला, तेव्हा मी शिव्यांची तयारी करूनच उचलला. पण ती हुंदके देत एवढंच म्हणत राहिली, "भार्गवी, त्या घरी जातच नव्हत्या गं. आणि मी आपली मागे मागे."