बादली हलकी कशी झाली

शाळेच्या स्वयंपाकघरात मावशींनी एकोणीस वर्षं काढली, पण एका बादलीपुढे त्या हात टेकतील असं कुणाला वाटलं असतं? मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फतवाच काढला: मुलांनी भाजी खाल्लीच पाहिजे. ताटांत उरेल ती भाजी रोज एका बादलीत जमा करायची आणि बादली काट्यावर ठेवायची. महिनाभरात वजन निम्म्यावर आलं नाही, तर जेवण बाहेरून मागवणार. मग मावशी कुठे? मावशी घरी.

आणि मुलं! भोपळा दिसला की चेहरे असे, जणू कुणी एरंडेल पाजतंय. मावशींनी बारीक चिरून पाहिला, जिऱ्याची फोडणी दिली, लाडीगोडी लावली. "खा रे राजा, एकच घास!" राजा घास गालात धरून बसायचा. मावशींची पाठ वळली की घास परत ताटात.

शेवटी एका दुपारी ताटं गोळा करता करता मावशींनी उरलेला भोपळा उभ्या उभ्या स्वतःच्याच तोंडात कोंबला. दुसऱ्या दिवशी गाजर, तिसऱ्या दिवशी कोबी. एकदा सुरू केलं ते थांबवता येईना, कारण एक दिवस जरी थांबल्या तरी काटा चुगली करणार. घरी लेक विचारायची, "आई, जेवत का नाहीस गं?"

"पोट भरलंय."

खोटं तरी कुठे होतं! पण रडू यायचं. पोरांनी खावं म्हणून जिवाचा आटापिटा, आणि खातंय कोण?

महिना संपला. बादली जेमतेम पाव भरत होती. मोठ्या बाईंनी सगळ्यांना जेवणघरात बसवलं. "शाब्बास! आता सांगा, सगळ्यात जास्त भाजी कोण खातं?"

दुसरीतली दोन वेण्यांची एक मुलगी उठली. "मावशी खातात. आमच्या सगळ्यांची."

मावशींच्या काळजात धस्स झालं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं. सुटले एकदाची!

पण सगळे खो खो हसले. "बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी स्वतः खाऊन दाखवतात, म्हणून मुलं शिकतात. मावशी, सोमवारपासून भाजी दुप्पट करूया. जमेल ना?"

मावशींनी तोंड उघडलं. पण टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

"जमेल की, बाई."

सोमवारी भोपळ्याची दोन पोती दारात येऊन पडली. मावशींनी त्या दिवशी सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. पोटात जागा ठेवायला हवी होती.