गोलसमोरची हरळी

या विश्वात कारणाशिवाय पानही हलत नाही, असं मी पंधरा वर्षं मुलांना सांगत आलोय. मी शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक, त्यामुळे कोणी फारसं ऐकत नाही, ते सोडा.

एरंडोलजवळच्या आमच्या कॉलेजचं फुटबॉल मैदान. खरं गवत, म्हणजे हरळी. जी उपटण्यात इथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या, ती मी हौसेनं लावतो. गावात माझ्या अकलेबद्दल जे बोललं जातं, ते त्यामुळेच.

पूर्वेच्या गोलसमोर मात्र तीन वर्षं टक्कल. शेणखत घातलं, माती बदलली... काही नाही. आमच्या मुलींच्या संघाची गोलकीपर तिथे सूर मारायची आणि कोपरं सोलून घरी जायची. त्यात यंदा मुलींची आंतरजिल्हा स्पर्धा पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती. मैदान नापास झालं की ती धुळ्याला.

माझा संशय माळी नानांवर. त्यांचं अर्धं आयुष्य केळीत निंदणी करण्यात गेलेलं. उजव्या हातात चहाचा कप असला, तरी डावा हात आपोआप हरळी उपटतो.

“नाना, हे काय?”

“हातले सवय शे ना, सर.”

पंधरा दिवस त्यांना सक्तीनं लेकीकडे पाठवलं. टक्कल तसंच.

समितीच्या पाहणीला चार दिवस उरले. मे महिना, पाण्याची मोटार जळालेली. नाना परत आले, तेव्हा मी वैतागून म्हणालो, “आता तुम्हीच सांगा तिला उगायला!”

“सांगी काय व्हस? हरळी शे ती. नको म्हणं का उगस.” नको म्हटलं की उगवते, हा त्यांचा जन्माचा अनुभव. आणि त्या टकलावर पाय आपटून ते ओरडले, “आठे उगू नको! मन्हं बठ्ठं वावर खाधं तू... आते आठे उगू नको!”

मुली हसल्या. मला हसण्याइतकं त्राण नव्हतं.

चौथ्या सकाळी या खांबापासून त्या खांबापर्यंत दाट हिरवं. पाण्याचा थेंब नाही! वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना बोलावलं. “कोणीतरी आणून अंथरलं असेल, सर,” म्हणत त्यांनी उपटून पाहिलं. मुळं खोल गेलेली. हाताची माती झटकत म्हणाल्या, “नानांना आमच्या बागेत पाठवाल का?”

समिती खूश. स्पर्धा आम्हाला मिळाली, फक्त आदल्या दिवशी एक शेवटची नजर टाकायची होती.

या यशाबद्दल संस्थेनं अध्यक्षांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, तीन भाषणं. फोटोत हिरवळ यावी म्हणून मंडप त्याच गोलसमोर... मी हात जोडले. “सर, गवत काय, परत उगेल,” अध्यक्ष म्हणाले.

नानांनी नंतर हरळीला पुष्कळ शिव्या घातल्या. उगवलं नाही.

त्या चार दिवसांत काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. स्पर्धा धुळ्याला का झाली, ते येतं. मंडपाच्या खांबांचे चौदा खड्डे होते.